बीडीएसची वर्षे: कोटा, कवळ्या आणि मानसोपचार विभागाचा केस पेपर

बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीची, शेवटची परीक्षा उत्तीर्ण होऊन माझी इंटर्नशिप आता संपत आली आहे. वसतिगृहातल्या कनिष्ठ मुली अधूनमधून खोलीवर येतात, आधी रूट कॅनालच्या एखाद्या केसबद्दल विचारतात आणि जाता जाता दाराशी थांबून खरा प्रश्न विचारतात: झोप येत नाही, पोस्टिंगच्या, म्हणजे विभागात रुग्ण तपासायच्या पाळीच्या, सकाळी पोटात कालवते, हे सगळ्यांनाच होते का? प्रत्येकीला तुटक उत्तर देण्यापेक्षा माझ्या बाबतीत काय काय घडले, कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागला, कशाला किती वेळ गेला, हे एकदा क्रमाने लिहून ठेवावे असे वाटले. माझे महाविद्यालय पश्चिम महाराष्ट्रातले, खाजगी, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण मी लिहिणार आहे त्यातले बरेचसे इतर महाविद्यालयांतल्या मैत्रिणींकडूनही जवळजवळ त्याच शब्दांत ऐकले आहे.

आमची नीट १३ सप्टेंबर २०२० रोजी झाली. करोनामुळे ती आधी दोनदा पुढे ढकलली गेली होती आणि निकाल १६ ऑक्टोबरला लागला. एमबीबीएस मिळणार नाही हे गुण पाहताच कळले आणि राज्याच्या प्रवेशफेऱ्यांतून मला बीडीएसची जागा मिळाली. त्या वर्षी देशभर बीडीएसच्या जागा इतक्या रिकाम्या राहिल्या होत्या, की सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०२१ रोजी पात्रतेचे पर्सेंटाइल दहाने खाली आणून १८ फेब्रुवारीपर्यंत प्रवेश देण्याचा आदेश दिला. आमच्या वर्गातले काही जण या आदेशानंतर आले. गावी बार्शी तालुक्यात ही बातमी पोहोचली ती ‘डेंटलला कुणी जातच नाही’ या रूपात. अभ्यास सुरू होण्यापूर्वीच आपण दुसऱ्या पसंतीच्या रांगेत उभे आहोत ही भावना मनात घर करून बसते, आणि पुढच्या प्रत्येक नापसंत झालेल्या कामाला ती आयता पुरावा मानते. या भावनेचा ताण परीक्षेच्या ताणाइतकाच खरा असतो, असे मी आज म्हणेन. तेव्हा मला तो ताण आहे हेही ओळखता आले नव्हते.

पहिल्या वर्षाबद्दल फार लिहीत नाही. दुसऱ्या लाटेत वर्ग ऑनलाइन झाले, शरीररचनाशास्त्र मोबाइलच्या पडद्यावर शिकलो आणि मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरण्याचे काम घरच्या ओट्यावर, फोन डब्याला टेकवून केले. व्हर्नियरने मोजून अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला की दात पुन्हा कोरायचा, हा नियम मात्र ऑनलाइनही तसाच होता. २०२२ च्या सुरुवातीला पहिली विद्यापीठ परीक्षा झाली. दंतशाखेत प्रत्येक मुख्य विषय २०० गुणांचा असतो. थिअरीचे १०० म्हणजे लेखी ७०, तोंडी २० आणि अंतर्गत १०, तर प्रात्यक्षिकाचे १०० म्हणजे परीक्षा ९० आणि अंतर्गत १०. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे ५० टक्के मिळवावे लागतात. हे गणित पहिल्या महिन्यातच समजून घ्यावे, कारण लेखीत उत्तम गुण असूनही प्रात्यक्षिकात अडकलेली मुले मी पाहिली आहेत. एकच विषय राहिला तर वरच्या वर्गात बसता येते, मात्र ती पुढची परीक्षा देण्यापूर्वी तो विषय सोडवावा लागतो. दोन राहिले तर ऑड बॅच, म्हणजे वर्गाच्या मागे पडलेल्यांची वेगळी तुकडी. हा शब्द वसतिगृहात जितक्या हळू आवाजात उच्चारला जातो, तितका तो भयंकर नसतो. आमच्या ऑड बॅचमधले एक दादा आज स्वतःचा दवाखाना व्यवस्थित चालवत आहेत.

दुसऱ्या वर्षी प्रीक्लिनिकल, म्हणजे रुग्णाला हात लावण्यापूर्वीचा सराव, सुरू झाले, आणि दंतशिक्षण इतर शिक्षणापेक्षा वेगळे का आहे ते तिथे समजले. बारावीपर्यंत आपण डोक्याने हुशार असतो. येथे अचानक हात तपासले जातात, तेही सगळ्यांसमोर. कवळीचे दात मेणात मांडून सरांपुढे ठेवायचे. सर पट्टीच्या टोकाने दोन दात हलवून ‘रिपीट’ एवढेच म्हणतात आणि संध्याकाळचे तीन तास गेलेले असतात. फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावर, दाढेच्या बाजूपर्यंत जाणारी क्लास टू पोकळी कोरण्यासाठी काढलेले खरे दात लागतात. ते गावातल्या दवाखान्यांत फिरून, डॉक्टरांना विनंती करून जमवायचे, निर्जंतुक करून बाटलीत ठेवायचे आणि प्लास्टरमध्ये बसवायचे, हे काम अभ्यासक्रमात कुठे लिहिलेले नसते, परंतु त्यात शनिवार जातात. अवजारांचा संच, मेण, ॲक्रिलिक, स्टोन, एअरोटरचे (दात कोरायच्या यंत्राचे) हँडपीस असे करता करता त्या वर्षी शुल्काव्यतिरिक्त पंचवीस हजारांच्या आसपास खर्च झाला. शिष्यवृत्तीचा हप्ता महाडीबीटीवर ‘प्रक्रियेत’ दिसत असताना हा खर्च बाबांना फोनवर सांगणे मला मोठे जड जाई. हँडपीस दोघींत मिळून घ्या, मात्र आरसा, प्रोब आणि मेण कोरायचा लेक्रॉन कार्व्हर स्वतःचेच ठेवा. सबमिशनच्या आठवड्यात उसन्या अवजारांवरून मैत्र्या तुटतात.

खरा प्रसंग तिसऱ्या वर्षी, २०२३ मध्ये उभा राहिला. आम्ही क्लिनिकल पोस्टिंगला लागलो, म्हणजे खुर्चीवर खरा माणूस आला. पहिले खालच्या जबड्याचे इंजेक्शन, ज्याला आम्ही नर्व्ह ब्लॉक म्हणतो, ते देताना बधिर करणाऱ्या २ टक्के लिग्नोकेनची सिरिंज माझ्या हातात इतकी हलत होती की मागे उभ्या असलेल्या पीजी (पदव्युत्तर शिकणाऱ्या) मॅडमनी माझे कोपर धरले. रुग्ण असलेल्या मावशींनी डोळे मिटलेले होते, त्यांना काही कळले नाही. ही थरथर पहिल्या काही वेळा सर्वांनाच होते आणि सवयीने जाते. माझीही गेली. गेला नाही तो दुसराच ताण, ज्याबद्दल प्रवेशाच्या वेळी कुणीच सांगत नाही: आपले उत्तीर्ण होणे अनोळखी माणसांच्या येण्यावर अवलंबून असते.

प्रत्येक विभागाचा कोटा ठरलेला असतो. इतक्या स्केलिंग (दातांची स्वच्छता), इतके दात काढणे, इतकी सिमेंटे (दात भरणे), इतक्या कवळ्या, आणि प्रत्येक टप्प्यावर शिक्षकांची सही. कोटा अपुरा राहिला तर अंतर्गत गुण जातात आणि परीक्षेचा अर्जही अडतो. यांतले सगळ्यांत कठीण म्हणजे पूर्ण कवळी. एका कवळीसाठी रुग्णाला किमान पाच वेळा यावे लागते. पहिले माप, ग्रीन स्टिक या मऊ होणाऱ्या कांडीने कडा घडवून दुसरे माप, मेणाच्या ठोकळ्यांवर जबड्यांचा संबंध नोंदवणे, मेणात दात मांडून ते तोंडात बसवून पाहणे म्हणजे ट्राय-इन आणि शेवटी कवळी बसवणे, शिवाय नंतर टोचते म्हणून येणे वेगळेच. कवळीचा रुग्ण साठी-सत्तरीचा, बहुतेक वेळा खेड्यातला. जूनमध्ये पेरणी आली की तो येत नाही, घरात लग्न निघाले की येत नाही, आणि तिसऱ्या फेरीनंतर दुसऱ्या महाविद्यालयाच्या शिबिरात कवळी फुकट मिळते असे कुणी सांगितले तर मुळीच येत नाही. मी दोन ट्राय-इनपर्यंत आलेल्या कवळ्या अशा गमावल्या. त्या आजोबांवर रागावण्याचा मला काहीही अधिकार नव्हता, तरी मी रागावत असे, आणि त्या रागाची लाज वाटून पुन्हा ताण वाढत असे.

रुग्ण मिळवण्यासाठी मुले काय काय करतात ते सांगितले तर पालकांना खरे वाटणार नाही. बसस्थानकावर चिठ्ठ्या वाटणे, वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशींना त्यांच्या वाडीत विचारायला सांगणे, रुग्णाची विभागाची फी स्वतः भरणे, येण्याजाण्याचे भाडे देणे. मीही भाडे दिले आहे. याबाबत एक गोष्ट लवकर कळली असती तर माझे पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचले असते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्म्या दरात, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. कवळीसाठी पंचाहत्तरीच्या पुढची आजी किंवा आजोबा निवडले आणि त्यांच्या गावच्या गाडीची वेळ पाहून अपॉइंटमेंट दिली, तर ते पाचही वेळा येण्याची शक्यता कितीतरी वाढते. आधार कार्ड बरोबर आणायला मात्र आदल्या दिवशी फोन करून आठवण द्यावी लागते.

ऑगस्ट २०२३ च्या मध्यापासून माझ्या शरीराने तक्रार सुरू केली. रात्री साडेतीनला जाग येई आणि कोट्याचा तक्ता डोळ्यांपुढे उभा राही. सकाळी एप्रन घालताना छातीत धडधड, तळहातांना घाम आणि ग्लोव्ह्ज चढवताना बोटे बधिर. एके दिवशी प्रोस्थोच्या, म्हणजे कवळ्यांच्या, विभागाबाहेर श्वास पुरेनासा झाला आणि हा हृदयाचा झटकाच आहे अशी माझी खात्री झाली. महाविद्यालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल होता. ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सल्ला मिळाला. तो सल्ला देणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, परंतु त्याचे करायचे काय ते कुणालाच माहीत नसते. वसतिगृहात दुसरा सल्ला तयार होता: तोंडी परीक्षेपूर्वी प्रोप्रानोलॉल घे, हात हलत नाहीत. फार्माकॉलॉजी नुकतेच उत्तीर्ण झालेल्या मुली हे औषध दुकानातून आणून एकमेकींना देत होत्या, याचे आज नवल वाटते. मला लहानपणी दम्याचा त्रास होता आणि दमा असलेल्याने हे औषध घेणे धोक्याचे असते, एवढे आठवले म्हणून मी ते घेतले नाही. कृपा करून ऐकीव सल्ल्याने कोणतीही गोळी घेऊ नका, झोपेची तर नाहीच.

त्या आठवड्यात रात्री मी टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. केंद्र सरकारची ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. ती चोवीस तास आणि विनामूल्य चालते, आणि भाषा निवडल्यावर मराठीतून बोलता येते. फोनवरच्या समुपदेशिका शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी झोप, भूक, वजन, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हे सर्व सरळ शब्दांत विचारले. शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ होते, पण तो प्रश्न कुणीतरी विचारला याचेच मला हायसे वाटले. प्रत्यक्ष तपासणी करून घ्या असे सांगून त्यांनी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जायला सुचवले.

शहरातल्या खाजगी मानसोपचारतज्ज्ञांची पहिल्या भेटीची फी आठशे रुपये होती आणि नंबर दहा दिवसांनी मिळत होता. जिल्हा रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून, म्हणजे अवघ्या काही दिवसांपूर्वीपासून, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या निर्णयानुसार तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले होते, त्यामुळे केस पेपरलाही पैसे पडले नाहीत. मला पैशांपेक्षा भीती होती ती ओळखीच्या माणसाची, कारण आमचेच इंटर्न तिथे अधूनमधून असतात. केस पेपरच्या रांगेत मी ओढणी तोंडावर घेऊन उभी होते. खिडकीवरच्या कारकुनाने ‘कुठला विभाग’ म्हणून विचारले आणि मी तो शब्द दोनदा सांगितला, कारण पहिल्यांदा आवाजच निघाला नाही. सकाळी नऊला गेले तर पेपर लवकर निघतो. डॉक्टर साधारण दहाच्या पुढे बसतात, दुपारी औषधाच्या खिडकीवर गर्दी वाढते, म्हणून जाताना पाण्याची बाटली आणि वाचायला काहीतरी न्यावे. पहिल्या दिवशी माझा जवळजवळ अर्धा दिवस गेला.

तिथल्या मानसशास्त्रज्ञ मॅडमनी दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची, उदासीनतेसाठी, आणि जीएडी-७ ही सात प्रश्नांची, चिंतेसाठी. दोन्हींत मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. मग मानसोपचारतज्ज्ञांनी बोलून चिंतेचा विकार आणि पॅनिकचे झटके असे निदान केले आणि एस्सिटॅलोप्रॅमची लहान मात्रा सुरू केली. त्यांनी तीन गोष्टी बजावल्या, त्या येथे मुद्दाम लिहिते: परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिले काही दिवस मळमळ किंवा अस्वस्थता वाढू शकते, आणि बरे वाटले म्हणून गोळी एकाएकी थांबवायची नाही. मला पहिल्या आठवड्यात खरोखरच जास्त वाईट वाटले. हे आधी सांगितलेले नसते तर मी ती गोळी तिसऱ्याच दिवशी कचऱ्यात टाकली असती. औषधाबरोबर दर पंधरवड्याला समुपदेशनही चालू झाले.

घरी सांगणे हा वेगळाच टप्पा होता. आईला मी औषधाचे नाव सांगितले नाही, ‘झोप लागत नाही म्हणून सिव्हिलला दाखवले’ इतकेच म्हणाले. तिने थोडा वेळ काही न बोलता नंतर विचारले, ‘अगं, घरी येतेस का चार दिवस?’ दुसऱ्या दिवशी बाबा एसटीने येऊन मला घेऊन गेले आणि संबंध प्रवासात त्यांनी कोट्याचा विषय काढला नाही.

रजेचे कागदपत्र हा भाग कंटाळवाणा असला तरी मुलींना सर्वांत जास्त तोच विचारायचा असतो. विद्यापीठ परीक्षेस बसण्यासाठी थिअरी आणि प्रात्यक्षिक अशी ७५ टक्के हजेरी लागते, आणि वैद्यकीय प्रमाणपत्र दिले म्हणजे गैरहजेरीचे दिवस आपोआप भरून निघत नाहीत. मी आधी मेंटॉर मॅडमना भेटले, मग त्यांच्या शिफारशीसह ज्या विभागांत पोस्टिंग होते त्या विभागप्रमुखांना वेगवेगळे अर्ज दिले, आणि शेवटी अधिष्ठात्यांच्या नावे एक अर्ज विद्यार्थी विभागात दिला. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत स्वतःकडे ठेवावी आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून घ्यावा. मला पुढे जानेवारीत हजेरीच्या यादीवरून विचारणा झाली, तेव्हा त्या शिक्क्यांनीच काम केले. प्रमाणपत्रावर निदान लिहिले जाईल आणि सगळ्या महाविद्यालयाला कळेल ही माझी मोठी धास्ती होती. मी डॉक्टरांना तसे विचारले तेव्हा त्यांनी ‘उपचार चालू असून विश्रांतीची आवश्यकता आहे’ एवढेच लिहून दिले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये रुग्णाला आपल्या आजाराबाबत आणि उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, हे त्यांनीच मला सांगितले. बुडालेले पोस्टिंग दिवाळीच्या सुट्टीत भरून काढावे लागले. घरी फराळ चालू असताना मी रिकाम्या वसतिगृहात होते, पण त्या दिवसांत ओपीडीत विद्यार्थी कमी असल्यामुळे रुग्ण मिळाले, असे विचित्र समाधानही पदरी पडले.

याच सुमारास सामाजिक दंतशास्त्र विभागातल्या एका पीजी दादांनी त्यांच्या प्रबंधासाठी आमच्या वर्गाकडून एक प्रश्नावली भरून घेतली. दंतविद्यार्थ्यांच्या ताणाची ही प्रश्नावली मूळची अमेरिकेतल्या संशोधकांची, १९८० साली प्रसिद्ध झालेली, आणि तिची निरनिराळी रूपे अजून जगभर वापरली जातात. तिच्यात ताणाची कारणे एकाखाली एक दिलेली असतात आणि प्रत्येकासमोर त्रास किती होतो ते नोंदवायचे असते. रुग्ण उशिरा येणे किंवा न येणे, नेमून दिलेले काम वेळेत न होणे, कामावर होणारी टीका, कोटा पूर्ण करण्याची चिंता, नापास होण्याची भीती. मी ती वाचत असताना कानशिले तापली. ज्याला मी तीन महिने स्वतःचा नाकर्तेपणा समजत होते, ते माझ्या जन्माच्या किती तरी आधी कोणीतरी छापून ठेवले होते.

त्या कागदावरून एक फरक माझ्या ध्यानात आला आणि पुढचे सारे त्यावर उभे राहिले. रुग्ण न येणे, सह्या, खर्च, वेळ हा ताण व्यवस्थेचा आहे. त्याला औषध नाही, त्याला नियोजन लागते आणि काही ठिकाणी शिक्षकांशी बोलावे लागते. पहाटे साडेतीनची जाग आणि बधिर बोटे हा आजार आहे. त्याला वेळापत्रक लावून काही उपयोग नाही, त्याला उपचार लागतात. मी आधी उलटे करत होते. आजारावर वेळापत्रकाचे उपाय करत होते आणि न येणाऱ्या आजोबांसाठी स्वतःला दोष देत होते. महाविद्यालयात वर्षातून एकदा होणाऱ्या ताणमुक्तीच्या व्याख्यानात या दोहोंची सरमिसळ होते, म्हणून तिथून बाहेर पडताना मुले हसत असतात. प्राणायाम चांगलाच आहे, पण त्याने ट्राय-इनला रुग्ण येत नाही.

व्यवस्थेच्या ताणासाठी मी आणि माझ्या जोडीदार मैत्रिणीने एक साधी वही केली. प्रत्येक रुग्णाचे गाव, कोणाचा फोन लागतो, गाडीची वेळ, रक्तदाब आणि साखरेची नोंद, कवळीचा टप्पा आणि ‘पेरणी’, ‘नातीचे लग्न’, ‘वारी’ असे शेरे. कवळीच्या रुग्णाचा स्वतःचा फोन बहुधा लागत नाही, म्हणून सुनेचा किंवा नातवाचा क्रमांक घ्यायचा. आदल्या संध्याकाळी फोन करायचा, सकाळी नाही, कारण गाडी सहाची असते. एकीचा रुग्ण आला नाही तर तिने रिकामे बसण्याऐवजी दुसरीला मदत करायची आणि बदल्यात पुढचा रुग्ण तिचा. आषाढात कवळीचे काम मुळीच धरायचे नाही, त्या दिवसांत तरुण रुग्णांची स्केलिंग आणि सिमेंटे उरकायची. हे सगळे फार क्षुल्लक वाटेल, पण कोट्याचा तक्ता रात्री डोळ्यांपुढे येणे यामुळे कमी झाले, कारण तो वहीत होता.

शिक्षकांशी बोलणे हे मला सर्वांत अवघड गेले. दोन कवळ्या ट्राय-इनला सुटल्या तेव्हा मेंटॉर मॅडम मला घेऊन विभागप्रमुखांकडे गेल्या. सरांनी झालेल्या टप्प्यांच्या सह्या ग्राह्य धरल्या आणि उरलेले टप्पे दुसऱ्या रुग्णांवर करण्याची परवानगी दिली. सगळीकडे असे होईलच असे नाही, आमच्याकडेही एका विभागात झाले नाही. परंतु मी त्याआधी विचारलेच नव्हते, आणि विभागात बसणाऱ्यांना प्रत्येक मुलीचा रुग्ण का आला नाही हे आपोआप कळण्याचा काही मार्ग नसतो.

मान आणि पाठीचे दुखणेही याच काळातले. दिवसभर वाकून काम केल्यावर संध्याकाळची चीडचीड पुष्कळदा निव्वळ मानेची असते. खुर्ची रुग्णाची उंच करा, स्वतः वाकू नका, हे पहिल्या वर्गात शिकवतात आणि पहिल्या रुग्णापाशीच आपण विसरतो. मी दर रुग्णानंतर दोन मिनिटे भिंतीला पाठ लावून उभी राहू लागले.

२०२४ च्या सुरुवातीची तिसऱ्या वर्षाची परीक्षा दिली आणि उत्तीर्ण झाले. शेवटच्या वर्षी दंतशास्त्राचे आठ विषय एकत्र येतात: मुखरोग व क्ष-किरण, हिरड्या, शस्त्रक्रिया, कॉन्स (दात भरणे व रूट कॅनाल), प्रोस्थो, ऑर्थो (वाकडे दात सरळ करणे), मुलांचे दात आणि सामाजिक दंतशास्त्र. त्या जुलैत शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींसाठी शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत जाहीर केली, त्यामुळे घरचे ओझे काहीसे हलके झाले, जरी कागद लावायला पुन्हा तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यापासून सुरुवात करावी लागली.

त्याच वर्षी शस्त्रक्रिया विभागात माझ्या जोडीदार मैत्रिणीच्या बोटात वापरलेली सुई गेली. असे झाले तर काय करायचे ते प्रत्येकाला तोंडपाठ असले पाहिजे, कारण त्या क्षणी डोके चालत नाही. बोट पिळायचे नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचे, लगेच शिक्षकांना सांगायचे आणि नोंदवहीत लिहायचे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, आणि घ्यावे लागलेच तर ते २८ दिवस चालते. शासकीय रुग्णालयात ते मोफत मिळते. रुग्णाचे समुपदेशन करून, संमतीने त्याचे रक्त तपासले जाते. मैत्रिणीने पहिल्या वर्षी हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस घेतले होते आणि प्रतिपिंडांची तपासणीही केली होती, म्हणून ती एक काळजी नव्हती. रुग्णाचा अहवाल निर्दोष आल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध थांबले. पण अहवाल येईपर्यंतची रात्र आम्ही दोघींनी जागून काढली, आणि मैत्रीण सारखी एकच गोष्ट म्हणत होती की सुईबद्दल सरांना सांगितले नसते तर बरे झाले असते, ते ओरडले. सर ओरडले खरे, नंतर स्वतःच्या गाडीतून तिला रुग्णालयात घेऊन गेले. लस घेतली नसेल तर हे वाचून झाल्यावर पहिले काम तेच करा. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस असतात आणि क्लिनिक सुरू होईपर्यंत ते पुरे झाले पाहिजेत.

अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेला रुग्ण आपणच आणायचा असतो, ही शेवटची कसोटी. प्रत्येक विषयासाठी एक मुख्य आणि एक राखीव रुग्ण आम्ही दीड महिना आधीपासून बोलून ठेवले. कवळीसाठी माढ्याकडच्या एका आजी येणार होत्या. त्या आदल्या दिवशीच नातवाला घेऊन आल्या आणि आमच्या वसतिगृहाच्या मावशींकडे राहिल्या, कारण सकाळच्या गाडीचा भरवसा नाही असे त्यांचे म्हणणे होते. बाह्य परीक्षकांनी मला जबड्यांच्या संबंधाची उंची कशी ठरवलीस ते विचारले. तोंड कोरडे पडले होते, पण उत्तर आले. ऑर्थोच्या तोंडीत मात्र दोन प्रश्नांना मी गप्प बसले आणि तरी उत्तीर्ण झाले. परीक्षेच्या दिवसांत गोळी चालूच होती. ती लपवण्याचे कष्ट मी तोवर सोडले होते.

निकाल लागल्यावर राज्य दंत परिषदेकडे तात्पुरत्या नोंदणीचा अर्ज करून इंटर्नशिप सुरू केली. सगळे विभाग फिरायचे असतात आणि त्यांतले तीन महिने सामाजिक दंतशास्त्राचे, म्हणजे खेड्यातली केंद्रे आणि शाळांतली तपासणी. कोटा नसताना दात काढण्याचे काम किती निवांतपणे होते ते तेव्हा कळले. डॉक्टरांनी गोळीची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करत गेल्या पावसाळ्यात बंद केली. त्यानंतर एकदा धडधड परत आली होती, तेव्हा मी पुन्हा त्याच विभागात गेले, नवा केस पेपर काढला, आणि या वेळी विभागाचे नाव एकदाच सांगावे लागले. समुपदेशनासाठी अजूनही महिन्यातून एकदा जाते. कवळीच्या रुग्णांची वही मी तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना दिली आहे. त्यात ज्यांच्यापुढे लाल खूण आहे ते रुग्ण फोन उचलत नाहीत, त्यांच्या सुनांचे क्रमांक शेवटच्या पानावर आहेत.